एव्हरेस्ट–जर्व्हिस वाद

भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे नेतृत्व आणि त्याचे शास्त्रीय श्रेय यांवरून १८३७ ते १८४१ या काळात सर जॉर्ज एव्हरेस्ट (४ जुलै १७९०–१ डिसेंबर १८६६) व टॉमस बेस्ट जर्व्हिस (२ ऑगस्ट १७९६–३ एप्रिल १८५७) या ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन लष्करी सर्वेक्षकांत झालेला वाद. समन्वेषणाच्या इतिहासात ध्रुवीय मोहिमांतील स्पर्धा सर्वपरिचित आहेत. उत्तर ध्रुवाच्या श्रेयावरून कुक आणि पिअरी यांच्यात झालेले भांडण व दक्षिण ध्रुवासाठी आमुनसेन आणि स्कॉट यांच्यात लागलेली शर्यत ही त्यांची ठळक उदाहरणे होत. एव्हरेस्ट–जर्व्हिस वाद त्या मानाने विस्मृतीत गेला आहे. त्याचे रणक्षेत्र हिमप्रदेश नव्हते. मद्रास, हैदराबाद, वऱ्हाड, माळवा आणि कोकण येथील डोंगरमाथे, कलकत्ता व डेहराडून येथील कचेऱ्या आणि लंडनमधील विद्वत्सभा हे होते. तथापि ज्या प्रश्नातून हा वाद उद्‌भवला तो प्रश्न मुळात ध्रुवांचाच होता. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे काय आणि असल्यास किती, हा तो प्रश्न होय.

पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ती विषुववृत्तापाशी फुगीर व ध्रुवांपाशी चपटी असली पाहिजे, असे न्यूटनने सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रतिपादिले. फ्रान्समधील कासीनी घराण्यातील ज्योतिर्विदांनी आपल्या देशातील मोजणीवरून याच्या नेमके उलट अनुमान काढले. त्यांच्या मते पृथ्वी ध्रुवांच्या दिशेने लांबट होती. हा तंटा मिटविण्यासाठी एक अक्षांश अंतर जमिनीवर किती लांब भरते, हे विषुववृत्ताजवळ आणि ध्रुवाजवळ अशा दोन्ही ठिकाणी मोजणे आवश्यक होते. म्हणून फ्रेंच विज्ञान अकादमीने १७३५ मध्ये एक तुकडी पेरूकडे पाठविली आणि १७३६ मध्ये मोपेर्त्वीच्या नेतृत्वाखाली दुसरी तुकडी लॅपलँडमध्ये आर्क्टिक वृत्ताजवळ पाठविली. लॅपलँडची मोहीम वर्षभरात आटोपली व तिने न्यूटनच्या बाजूने कौल दिला. पेरूतील तुकडीला मात्र जवळजवळ दहा वर्षे लागली. तिच्यातील बूगेर व ला काँदामीन यांचे परस्परांशी इतके बिनसले, की परतल्यावर दोघांनी मोहिमेचे वृत्तांत वेगवेगळे लिहिले. घाईने उरकलेली लॅपलँडची मोजणी पुढे सदोष ठरली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वानबेरीने तीच मोजणी पुन्हा केली, तेव्हा मोपेर्त्वीची अक्षांशलांबी बरीच अधिक भरल्याचे आढळले. निष्कर्ष बरोबर, आकडे चुकीचे, असा हा विलक्षण प्रकार होता. ध्रुवाकडील मापांची तुलना करण्यास विषुववृत्तानजीकच्या प्रदेशात एखादा लांबलचक आणि विश्वसनीय चाप मोजला जाणे त्यामुळे अधिकच निकडीचे झाले. तो चाप भारतात मोजला गेला.

विल्यम लँबटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून या कार्याचा आरंभ केला. आधाररेषेची लांबी साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजावयाची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीचे कोन घ्यावयाचे आणि त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणिताने काढून त्यांवर पुढचे त्रिकोण रचीत जावयाचे, अशी ही पद्धती होती. ठराविक टप्प्यांनंतर पुन्हा एक आधाररेषा प्रत्यक्ष मोजून गणिताने आलेल्या लांबीशी ती ताडून पाहत. चापाच्या टोकांचे अक्षांश ताऱ्यांच्या वेधांवरून ठरविले जात. कोन घेण्यासाठी लँबटनजवळ सुमारे अर्धा टन वजनाचा प्रचंड थिओडोलाइट होता. तो डोंगरमाथ्यावर चढविणे हेच एक दिव्य असे. कन्याकुमारीच्या परिसरातील पुन्नै या ठाण्यापासून साधारणपणे ७८ पूर्व रेखावृत्ताच्या अनुरोधाने उत्तरेकडे जाणारी त्रिकोणांची ही माळ पुढे ‘महाचाप’ या नावाने प्रसिद्धीस आली. १८१५ मध्ये ती बीदरजवळील दामरगिड्डा येथे पोहोचली. तेथून पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात शिरून ती १८२२ च्या सुमारास एलिचपूर (अचलपूर) भागातील टाकरखेडा येथवर आली आणि तेथे आणखी एक आधाररेषा मोजण्यात आली.

दामरगिड्डा ते टाकरखेडा या टप्प्यात आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा पश्चिम भाग येतो. उमरखेड, पुसद, दिग्रस व दारव्हा हा सारा पट्टा महाचापाच्या वाटेवर आहे. त्या वेळी यवतमाळ नावाचा जिल्हा अस्तित्वात नव्हता. वऱ्हाड निजामाच्या सत्तेखाली होते. १८५३ मध्ये त्याचा कारभार इंग्रजांकडे आला, १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाडाचा वेगळा जिल्हा झाला आणि तो पुढे वणी (वून) या नावाने ओळखला जाऊ लागला. पुसद व दारव्हा यांचा समावेश होऊन त्यास यवतमाळ हे नाव मिळाले ते १९०५ मध्ये. त्रिकोणीकरणाच्या दृष्टीने हा प्रदेश सोयीचा आणि गैरसोयीचाही होता. बालाघाटातील सपाट माथ्यांच्या टेकड्यांमुळे ठाण्यांसाठी नैसर्गिक उंचवटे मिळत. पण पावसाळ्यानंतर, जेव्हा हवा स्वच्छ होऊन दूरचे दिसते, नेमके त्याच दिवसांत या रानांत हिवतापाचा कहर असे. उन्हाळ्यात ताप ओसरत असला तरी धूसर हवेमुळे दूरच्या खुणा दिसेनाशा होत. सर्वेक्षक व त्यांचे खलाशी यांना दृष्टी आणि आरोग्य यांपैकी एकाचीच निवड करावी लागे. लँबटनने बहुधा दृष्टीची निवड केली. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवीत असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट (वर्धा जिल्हा) येथे त्याचे निधन झाले. त्याची कबर तेथेच आहे.

एव्हरेस्ट १८०६ मध्ये भारतात आला. जावातील सर्वेक्षणाचा अनुभव घेऊन १८१८ मध्ये तो लँबटनचा साहाय्यक झाला. कृष्णा व गोदावरी यांमधील जंगलात पहिल्याच कामगिरीवर असताना निजामाच्या रक्षकदलातील शिपायांनी बंड केले, तेव्हा त्याने बंदुकीचा धाक दाखवून ते मोडून काढले व म्होरक्यांना फटके दिले. पाठोपाठ आलेल्या तापाच्या साथीने त्याच्या तुकडीतील अनेकांचा बळी घेतला आणि त्यालाही प्रकृतीसाठी केप ऑफ गुड होप येथे जावे लागले. लँबटन वारला तेव्हा एव्हरेस्ट मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या पूर्व–पश्चिम त्रिकोणमालेच्या कामावर होता. सर्वेक्षणाची सूत्रे हाती येताच त्याने महाचाप टाकरखेड्यापासून पुढे माळव्यातील सिरोंजपर्यंत नेला. या काळात तापाच्या पुनरावृत्तीने त्याचे हातपाय इतके लुळे पडले होते, की खस्वस्तिकाजवळील ताऱ्यांचे वेध घेण्यासाठी दोन माणसांना त्याला धरून उपकरणापाशी बसवावे लागे. सिरोंज येथील आधाररेषा मोजून तो १८२५ मध्ये इंग्लंडला परतला. दामरगिड्डा ते सिरोंज या सुमारे सहा अक्षांशांच्या चापाचा त्याचा वृत्तांत १८३० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्याने पृथ्वीच्या विवृत्ताभाची जी परिमाणे निश्चित केली, ती ‘एव्हरेस्ट विवृत्ताभ’ म्हणून ओळखली जातात. त्यांनुसार विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७७.२८ किमी. असून ध्रुवांकडील चपटेपणा सुमारे १/३००.८ इतका आहे. वऱ्हाडाच्या टेकड्यांवरून घेतलेले कोन या आकड्यांच्या पायाशी आहेत.

१८३० मध्ये एव्हरेस्ट परत आला तो भारताचा महासर्वेक्षक आणि महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा अधीक्षक अशा दुहेरी अधिकाराने. त्याने नवे थिओडोलाइट आणि तापमानामुळे लांबीत फरक पडू न देणारे कोल्बीचे संयुक्त धातुदंड सोबत आणले. १८३१-३२ मध्ये कलकत्त्याजवळ व १८३४-३५ मध्ये डेहराडून येथे त्याने या दंडांनी आधाररेषा मोजल्या. गंगा–यमुना दुआबात टेकड्या नसल्यामुळे विटांचे उंच मनोरे उभारले. रात्री दिवे लावून व दिवसा आरशांनी सूर्यप्रकाश परावर्तित करून वेध घेण्याची पद्धत रूढ केली. लँबटनच्या आणि स्वतःच्याही जुन्या कामावर त्याचा विश्वास उरला नव्हता. सिरोंजची आधाररेषा त्याने पुन्हा मोजविली. ती प्रमाण धरून गणिताने काढलेली डेहराडूनच्या आधाररेषेची लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत, सुमारे १२ किमी. लांबीमागे, अवघा १८ सेंमी.चा फरक निघाला. अचूकतेचा ध्यास हा एव्हरेस्टचा मोठा गुण होता. सहकाऱ्यांशी उद्धटपणे वागणे, कनिष्ठांना जाहीरपणे अपमानित करणे आणि मतभेदाला द्रोह समजणे हे दोषही त्याच्या ठिकाणी तितकेच ठळक होते. मसुरीजवळ जागा घेऊन तेथून कारभार चालविण्यावरून सरकारशी त्याचे खटके उडत. उपकरणांचा कुशल कारागीर हेन्री बॅरो याच्याशी त्याचे पटले नाही. त्याच्या जागी पुढे अर्काटचा सय्यद मीर मोहसिन हुसेन हा कारागीर आला व त्याच्या कौशल्याची मात्र एव्हरेस्टने मनापासून वाखाणणी केली.

जर्व्हिसची जडणघडण सर्वस्वी वेगळी होती. सिलोनमध्ये जन्मलेला हा अधिकारी मुंबई इलाख्याच्या अभियंता दलात होता. पेशवाईच्या अस्तानंतर त्याची नेमणूक दक्षिण कोकणात झाली आणि १८२० नंतरच्या दशकात त्याने तेथील सर्वेक्षण केले. त्याची दृष्टी केवळ कोन आणि लांबी यांपुरती मर्यादित नव्हती. गावे, लोकसंख्या, पिके, खोती व इतर जमीनधारा पद्धती, वजने व मापे या सर्वांची माहिती त्याने गोळा केली. १८४० मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा कोकणविषयक भौगोलिक व सांख्यिकीय ग्रंथ आजही कोकणच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकास टाळता येत नाही. त्याचा थोरला भाऊ जॉर्ज रिट्सो जर्व्हिस हा मराठी वाचकांस अधिक परिचित आहे. त्याच्या देखरेखीखाली मुंबईत इंग्रजी गणितग्रंथांची मराठी भाषांतरे तयार झाली आणि १८४५ नंतरच्या शिक्षणविषयक वादात त्याने जगन्नाथ शंकरशेट यांच्यासमवेत देशी भाषांची बाजू लावून धरली. धाकट्या जर्व्हिसच्या व्यासंगाला कल्पनेचे पंख जरा जास्तच होते. जगातील सर्व प्राचीन वजने व मापे एकाच आदिम प्रमाणातून निघाली आहेत, असे सिद्ध करण्यासाठी त्याने ग्रंथ लिहिले. एक दशांश इंचासाठी रात्रीची झोप घालविणाऱ्या एव्हरेस्टला असल्या मांडणीविषयी काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. शिवाय कोकणातील त्याचे त्रिकोणीकरण जिल्ह्याचा नकाशा काढण्यापुरते पुरेसे असले, तरी भूगणिताच्या कसोटीस उतरण्यासारखे नव्हते.

१८३५ मध्ये एव्हरेस्टला तापाने पुन्हा घेरले. तो जगेल की नाही याचीच शंका वाटू लागली. प्रकृतीच्या कारणास्तव भारत सोडावा लागण्याची शक्यता त्याने स्वतःच वरिष्ठांना कळविली होती. तेव्हा कंपनीच्या संचालकांनी १८३७ मध्ये रजेवर इंग्लंडमध्ये असलेल्या जर्व्हिसची एव्हरेस्टचा संभाव्य उत्तराधिकारी म्हणून नेमणूक केली. पद रिकामे झाल्यास त्याने ते सांभाळावे, अशी ही सशर्त नेमणूक होती. एव्हरेस्ट मात्र बरा झाला आणि कामाला लागला. एका पदाचा एक प्रत्यक्ष व एक नियोजित असे दोन धनी निर्माण झाले. त्यात मद्रास, बंगाल व मुंबई या इलाख्यांच्या सैन्यांतील परंपरागत ईर्ष्येची भर पडली. बंगालच्या तोफखान्यातील एव्हरेस्टला मुंबईचा अभियंता आपल्या खुर्चीत बसणे रुचणारे नव्हते. आपल्या मागे आपण स्वतः तयार केलेल्या अँड्र्यू वॉ याने काम चालवावे, असे त्याच्या मनात होते.

जर्व्हिसने इंग्लंडमधील वास्तव्याचा पुरेपूर उपयोग केला. विद्वानांच्या वर्तुळात त्याचा वावर वाढला. १८३८ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूकॅसल येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्याने कंपनीच्या आशियातील सर्वेक्षणांची स्थिती आणि भवितव्य यांवर विस्तृत भाषण केले. देशभरच्या सर्वेक्षणांत एकसूत्रता आणणे, एतद्देशीयांना प्रशिक्षण देणे आणि भरती-ओहोटी, हवामान व चुंबकत्व यांच्या निरीक्षणांची जोड सर्वेक्षणास देणे हे त्याचे प्रतिपादन मोठे आकर्षक होते. श्रोत्यांना त्यात उद्याचा महासर्वेक्षक बोलताना दिसला. त्यानंतर रॉयल सोसायटीने आपले अध्यक्ष ड्यूक ऑफ ससेक्स यांच्या नावे जर्व्हिसच्या योजनेस पाठिंबा देणारे निवेदन कंपनीच्या संचालकांकडे पाठविले. प्रत्यक्षात सर्वेक्षण चालविणारा अधिकारी त्या वेळी भारतात, तंबूत बसून, महाचापाची अखेरची मोजणी पुरी करीत होता. त्याला कोणी काही विचारले नव्हते.

न्यूकॅसलच्या या अधिवेशनाचे ध्रुवीय समन्वेषणाच्या इतिहासात निराळे महत्त्व आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करण्यासाठी दक्षिण ध्रुव प्रदेशाकडे मोहीम धाडावी, असा आग्रह येथेच धरण्यात आला आणि त्याची परिणती जेम्स क्लार्क रॉसच्या मोहिमेत (१८३९–४३) झाली. रॉसने १ जून १८३१ रोजी उत्तर चुंबकीय ध्रुवाचे स्थान निश्चित केले होते व त्या श्रेयावरून त्याचे आपल्या चुलत्याशी, म्हणजे मोहिमेचा प्रमुख जॉन रॉस याच्याशी वितुष्ट आले होते. आता दक्षिणेत फ्रान्सचा द्यूमाँ द्यूर्व्हील आणि अमेरिकेचा विल्क्स हे त्याचे प्रतिस्पर्धी होते. विल्क्सने स्वतःच्या शोधांचा नकाशा सौजन्याने रॉसकडे पाठविला. रॉसची जहाजे १८४१ मध्ये त्या नकाशावर जमीन दाखविलेल्या एका भागावरून सरळ पार गेली आणि दोघांत कायमचे वैर निर्माण झाले. चुंबकीय निरीक्षणांच्या याच जागतिक योजनेत ईस्ट इंडिया कंपनीही सामील झाली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून ए. बी. ऑर्लेबार याच्या देखरेखीखाली चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. ट्रामगाड्यांच्या विद्युतीकरणाचा उपद्रव टाळण्यासाठी हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आले. जर्व्हिसच्या भाषणातील चुंबकत्वाचा उल्लेख या पार्श्वभूमीवर पाहिला असता तो वाऱ्याची दिशा ओळखणारा माणूस होता, हे लक्षात येते.

रॉयल सोसायटीच्या निवेदनाची वार्ता एव्हरेस्टला लागली, तेव्हा त्याच्या संतापास पारावार उरला नाही. त्याने ड्यूक ऑफ ससेक्स यांना उद्देशून एकामागून एक पत्रे लिहिली आणि ती १८३९ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापविली. विद्वत्सभेच्या अध्यक्षाला, तोही राजपुत्र असताना, एका लष्करी अधिकाऱ्याने अशा भाषेत लिहावे, हे त्या काळी अघटितच होते. पत्रांतील उपरोध बोचरा आहे व ठिकठिकाणी तो सभ्यतेची मर्यादा ओलांडतो. त्यांतील मूळ मुद्दा मात्र सबळ होता. ज्या सुधारणा जर्व्हिसने भविष्यासाठी सुचविल्या होत्या, त्यांतील महत्त्वाच्या गोष्टी सर्वेक्षणात आधीच अंमलात आलेल्या होत्या. नवी उपकरणे आली होती, आधाररेषा नव्या पद्धतीने मोजल्या गेल्या होत्या, एतद्देशीय गणकांची तुकडी तयार झाली होती. हे ठाऊक करून न घेता देशातील सर्वोच्च विज्ञानसंस्थेने एका पक्षाच्या कथनावर विसंबून मत दिले, हा त्याचा आक्षेप होता. या आक्षेपाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. एतद्देशीयांच्या बाबतीत तर एव्हरेस्टची बाजू विशेष भक्कम होती. राधानाथ सिकदार हे १८३१ पासून त्याच्या हाताखाली गणक म्हणून काम करीत होते. त्यांची योग्यता तो जाणून होता व त्यांना दुसऱ्या खात्यात जाऊ देण्यास तो तयार नव्हता. जर्व्हिस जे व्यासपीठावरून मागत होता, ते डेहराडूनच्या कचेरीत चालू होते. अर्थात एव्हरेस्टचा हेतू उदारमतवादी सुधारणेचा नव्हता, त्याला उत्तम गणक हवे होते इतकेच.

जर्व्हिसवर मात्र या पत्रांत थोडा अन्यायही झाला आहे. देशाच्या सर्वेक्षणाचे प्रयोजन केवळ पृथ्वीचा आकार ठरविणे हे नसून, त्यात राहणारी माणसे, त्यांची शेती व व्यवहार यांचे यथार्थ ज्ञान मिळविणे हेही आहे, हा त्याचा विचार एव्हरेस्टच्या दृष्टीच्या टप्प्याबाहेरचा होता. एव्हरेस्टच्या १८३० च्या ग्रंथात टेकड्यांची नावे आहेत, कोन आहेत, सेकंदाचे शतांश आहेत. त्या टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या गावांचे दर्शन त्या मानाने क्वचितच घडते आणि घडते तेही अडथळा, मजूर किंवा आजार यांच्या संदर्भात. थिओडोलाइट डोंगरावर चढविणारे खलाशी, झाडे तोडून दृष्टिरेषा मोकळी करणारे गावकरी, रात्रभर दूरच्या माथ्यावर दिवा राखणारे हरकामे यांच्या कष्टांवर महाचाप उभा आहे. पण या वादात दोन्ही पक्षांनी त्यांचे नाव घेतले नाही. ध्रुवीय मोहिमांतही एस्किमो वाटाड्यांच्या वाट्यास पुष्कळ काळ असेच अनुल्लेखाचे जिणे आले. पिअरीसोबत उत्तरेकडे गेलेल्या इनुइट सोबत्यांची नावे सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचण्यास दीर्घ काळ जावा लागला.

वादाचा निकाल युक्तिवादाने लागला नाही, तो प्रकृतीने लावला. एव्हरेस्ट निवृत्त होण्याचे नाव घेईना. वॉ आणि रेनी यांनी सिरोंजच्या दक्षिणेकडील त्रिकोणमाला नव्या उपकरणांनी पुन्हा मोजली. वऱ्हाडातील, पर्यायाने पुसद–दारव्हा पट्ट्यातील काम अशा रीतीने दुसऱ्यांदा झाले. १८४१ मध्ये बीदरची आधाररेषा पुन्हा मोजून होताच महाचाप पूर्ण झाला. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत त्याची व्याप्ती २१ अंशांहून अधिक भरली. पद रिकामे होण्याची वाट पाहून थकलेल्या जर्व्हिसने १८४१ च्या अखेरीस कंपनीची नोकरी सोडली. एव्हरेस्टने १८४३ मध्ये निवृत्ती घेतली आणि त्याच्या इच्छेप्रमाणे वॉ त्याच्या जागी आला. भारतातील चाप पूर्ण होत असतानाच रशियात श्ट्रूव्ह हा नॉर्वेतील हॅमरफेस्टपासून काळ्या समुद्रापर्यंतचा सुमारे २,८२० किमी. लांबीचा चाप मोजीत होता. तो १८५५ मध्ये पुरा झाला. लॅपलँडमधील मोपेर्त्वीच्या उणिवेची भरपाई त्याने झाली आणि उष्ण व शीत कटिबंधांतील दोन महाचापांची तुलना शक्य झाली.

गंमत अशी, की दोघे मोठ्याने भांडत असताना खरे वैज्ञानिक कोडे एव्हरेस्टच्या वह्यांत निमूटपणे पडून होते. सिरोंजजवळील कल्याणपूर आणि दिल्लीच्या उत्तरेकडील कल्याणा या दोन ठाण्यांतील अक्षांशांचा फरक ताऱ्यांच्या वेधांवरून जेवढा आला, त्यापेक्षा त्रिकोणीकरणावरून ५.२४ सेकंदांनी अधिक आला. एव्हरेस्टने हा फरक मोजणीतील दोषांच्या खाती घालून टाकला. कलकत्त्याचा आर्चडीकन जॉन प्रॅट याने १८५५ मध्ये तो उकरून काढला. हिमालयाच्या वस्तुमानाने ओळंबा उत्तरेकडे खेचला जात असला पाहिजे, असे त्याने गणिताने दाखविले. पण त्याच्या गणिताप्रमाणे हे खेचणे प्रत्यक्ष आढळलेल्या फरकाच्या कितीतरी पट हवे होते. बूगेरला पेरूत चिंबोराझो पर्वतापाशी शंभर वर्षांपूर्वी असाच अपेक्षेहून कमी ओढ लागल्याचा अनुभव आला होता. पर्वतांच्या तळाशी कमी घनतेचे द्रव्य असले पाहिजे, अशी उपपत्ती एअरी व प्रॅट यांनी दोन वेगवेगळ्या रीतींनी मांडली आणि तीतून भूकवचाच्या समस्थायित्वाची कल्पना उदयास आली. येथे मतभेद होता, वैमनस्य नव्हते.

सर्वेक्षक आणि ध्रुवीय समन्वेषक यांच्या स्पर्धांत एक साम्य विशेष लक्षणीय आहे. दोन्ही ठिकाणी यशाचा पुरावा डोळ्यांनी दाखविता येत नाही, तो वेधांच्या वहीत असतो. कुकने २१ एप्रिल १९०८ रोजी आणि पिअरीने ६ एप्रिल १९०९ रोजी उत्तर ध्रुव गाठल्याचा दावा केला. कुकची कागदपत्रे कोपनहेगन विद्यापीठाने १९०९ च्या डिसेंबरात अपुरी ठरविली. पिअरीची कागदपत्रे त्याला साहाय्य करणाऱ्या नॅशनल जिऑग्रॅफिक सोसायटीनेच तपासून मान्य केली व या तपासणीविषयी पुढे गंभीर शंका घेण्यात आल्या. आमुनसेन (१४ डिसेंबर १९११) व स्कॉट (१७ जानेवारी १९१२) यांचे दावे याला अपवाद ठरले, कारण स्कॉटला ध्रुवावर आमुनसेनचा तंबूच सापडला. वही तपासणारी संस्था एखाद्या पक्षाशी बांधलेली असली, की तपासणीला अर्थ उरत नाही, हेच एव्हरेस्टने १८३९ मध्ये रॉयल सोसायटीला बजाविले होते. त्याची भाषा अधिक संयमी असती, तर ते कदाचित ऐकले गेले असते.

जर्व्हिसच्या वाट्याला उत्तरायुष्यात निराळे यश आले. इंग्लंडमध्ये त्याने शिळाप्रेसवर नकाशे छापण्याचा उद्योग केला. क्रिमियन युद्धाच्या प्रसंगी त्याला ब्रुसेल्समध्ये रशियाच्या लष्करी नकाशाची प्रत मिळाली. तिच्यावरून त्याने सैन्यासाठी क्रिमियाचा नकाशा तयार केला. १८५५ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने नकाशे व सांख्यिकी यांचा स्वतंत्र विभाग स्थापिला, त्याचा पहिला प्रमुख जर्व्हिस होता. एव्हरेस्टचे नाव मात्र ज्या गोष्टीमुळे चिरस्थायी झाले, तिच्याशी त्याचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. १८५६ मध्ये वॉ याने जगातील सर्वोच्च शिखर म्हणून पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची घोषणा केली. या शिखराच्या उंचीच्या गणितात राधानाथ सिकदार यांचा महत्त्वाचा वाटा होता. आपले नाव शिखराला देण्यास एव्हरेस्टने १८५७ मध्ये हरकत घेतली. ते नाव हिंदुस्थानातील लोकांना लिहिता व उच्चारिता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. लंडनच्या भौगोलिक संस्थेने ही हरकत बाजूला ठेवून १८६५ मध्ये नावावर शिक्कामोर्तब केले. तो स्वतः आपले आडनाव ‘ईव्हरेस्ट’ असे उच्चारीत असे. जगाने, आणि मराठीनेही, त्याचे ‘एव्हरेस्ट’ केले.

एव्हरेस्ट विवृत्ताभावर आधारलेले स्थलवर्णनात्मक नकाशे भारतीय सर्वेक्षण विभागाने विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सर्वसाधारण वापरासाठी काढले. २००५ मधील राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार खुल्या मालिकेतील नकाशांसाठी उपग्रहीय मापनावर आधारलेले जागतिक विवृत्ताभ स्वीकारण्यात आले. लँबटनच्या काळातील साखळीने व एव्हरेस्टच्या काळातील धातुदंडांनी ठरविलेली मापे संरक्षणविषयक मालिकेत पुढेही चालू राहिली.